धावून जाणारीच्या मागे कोण?

(बुटीबोरी येथे आशा, अंगणवाडी सेविका, नर्सेस आणि वस्तीगटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजचा माझा विषय कागदावर फार भारदस्त दिसतो : 'आपत्तीत सर्वप्रथम मदतीला पोचणाऱ्यांचं मानसिक आरोग्य'. तो वाचून तुमच्यातल्या दोघी-तिघी मघाशी मला म्हणाल्या, "हे तर फायर ब्रिगेडवाल्यांचं झालं ताई, आमचं काय?" म्हणून तिथूनच सुरुवात करते.

इथल्या चौकात वर्ध्याचा रस्ता आणि हैदराबादचा रस्ता वेगळे होतात. रात्रंदिवस ट्रक धावतात. एका बाजूला एम.आय.डी.सी. पसरलेली, तिच्या पलीकडे कापसा-सोयाबीनची गावं. रस्त्यावर अपघात झाला, शेडमध्ये काही फुटलं, कुणी फवारणीचं औषध प्यायलं, एखाद्या घरात सून जळाली, की १०८ ला फोन जातो. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ जीव वाचलेत, हे मान्यच करायला हवं. पण गाडी येईपर्यंतचा वेळ कुणाचा? जळालेल्या बाईवर चादर कोण टाकतं? औषध प्यायलेल्याचं डोकं मांडीवर घेऊन कोण बसतं? गाडीत बरोबर कोण चढतं, आणि रात्री दोन वाजता 'मेडिकल'च्या दारात स्वतःच्या परतीच्या भाड्याची काळजी कुणाला पडते? आशाताईला, अंगणवाडीच्या बाईला, शेजारच्या मशिनवरच्या कामगारणीला, बचतगटाच्या अध्यक्षेला. सरकारी व्याख्येत तुमचं नाव असो वा नसो, पहिल्यांदा पोचता त्या तुम्ही.

आणि आपल्या संघटनांच्या कार्यकर्त्याही त्यातच येतात. बर्न्स वॉर्डात मृत्युपूर्व जबानीसाठी थांबलेल्या किती जणी इथे आहेत, हात वर करायला सांगत नाही. जळालेली मुलगी शुद्धीवर असते, बोलत असते, "माझ्या लेकराला बघा" म्हणत असते. तिचं काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं. नवरा दारात उभा असतो. आपण तिचा हात धरू शकत नाही, कारण धरायला कातडी उरलेली नसते. अशा किती बायकांपाशी आपण बसलो याचा हिशोब संघटनेच्या अहवालात 'प्रकरणे' या रकान्यात मिळतो. बसणारीचा रकाना मी आजवर कुठल्याही अहवालात पाहिलेला नाही.

आपल्या जिल्ह्याची अलीकडची दोन वर्षं आठवा. १७ डिसेंबर २०२३ ला, रविवारी सकाळी, बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला. नऊ जण गेले, त्यांतल्या सहा बाया. नातेवाईक गेटबाहेर बसून होते. पुढच्या वर्षी, १३ जून २०२४ ला, धामण्याच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथेही बळी गेल्या त्या मुख्यतः पॅकिंगला बसणाऱ्या मुली आणि बाया. मृतांचे आकडे छापून आले, नुकसानभरपाई छापून आली. पण अशा वेळी बाजूच्या शेडमधून जी धावते, मैत्रिणीला बांगडीवरून ओळखते, आणि आठवड्याने पुन्हा त्याच आवारात कामाला जाते, कारण घरी चूल पेटवायची असते, तिचं काय होतं? ती ना जखमींच्या यादीत, ना मृतांच्या.

तिचं काय होतं, हे साध्या शब्दांत सांगते. धोका दिसला की शरीर तयारीत येतं. छाती धडधडते, हात थंड पडतात, सगळं लक्ष समोर एकवटतं. म्हणूनच त्या क्षणी आपण काम करू शकतो. धोका सरल्यावर शरीराने खाली उतरायचं असतं, आणि बहुतेकींचं उतरतंही. काही दिवस झोप लागत नाही, तेच चित्र पुन्हा दिसतं, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं, एखादा वास सहन होत नाही. आमच्या गटातल्या एका बाईला स्फोटाच्या घटनेनंतर वांगी भाजणं जमेना, भरताचा वास आला की ती घराबाहेर जाऊन उभी राही. घरच्यांनी नखरे म्हणून सोडून दिलं. मैत्रिणींनो, हे वेड नव्हे. भयंकर गोष्ट पाहिलेल्या धडधाकट माणसाचं हे लक्षण आहे आणि ते बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही, उलट वाढलं, काम होईनासं झालं, जगणं नको वाटू लागलं, तर मात्र डॉक्टर गाठायचा, जसा आपण हाड मोडल्यावर गाठतो तसा.

हे झालं एका घटनेचं. तुमचं दुखणं आणखी निराळं आहे. तुमच्या वाट्याला दर महिन्याला काहीतरी येतं : बाळंतपणात गेलेली पोर, विहिरीत सापडलेली बाई, झाडाला लटकलेला शेतकरी. हे साचत जातं. साचलेल्याला एक तारीख नसते, त्यामुळे "काय झालं?" असं विचारलं की सांगता येत नाही. मग ते डोकेदुखी होऊन येतं, पाठदुखी होऊन येतं, पोरांवर ओरडणं होऊन येतं, किंवा काहीच वाटेनासं होतं. हे काहीच न वाटणं सर्वांत फसवं, कारण बाहेरून ते शहाणपणासारखं दिसतं. आरोग्य केंद्रात गेलं तर लोहाच्या आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मिळतात. चाळिशीच्या पुढची असली तर "पाळी जायचं वय आहे" हे ठरलेलं. शेजारीण म्हणते, बाहेरचं झालंय, उतरवून घ्या. बाईच्या मनाला काही झालं की आपल्याकडे कारण तिच्या गर्भाशयात शोधतात नाहीतर भुताखेतात. तिच्या कामात ते कुणी शोधत नाही.

आता फायर ब्रिगेडकडे येते, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे आणि नागपूरशी त्यांचं नातं जुनं आहे. देशाचं अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून नागपूरला आहे. तिथे पहिली मुलगी शिकायला आली २००२ मध्ये, आपल्या नागपूरचीच, हर्षिनी कान्हेकर. म्हणजे पंचेचाळीस वर्षं ते फक्त पुरुषांचं ठिकाण होतं. दरवर्षी १४ एप्रिलला हे लोक आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देतात, कारण १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. काळबादेवीच्या आगीत ९ मे २०१५ ला इमारत कोसळली आणि मुंबईच्या अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. त्यांच्या शौर्याला मानवंदना मिळते आणि मिळायलाच हवी. पण मानवंदना गेलेल्याला असते. जो वाचला, ज्याने सोबत्याला ढिगाऱ्यातून काढलं, त्याला काय सांगतात? मर्दासारखा मर्द, रडतोस काय? मग तो रडत नाही. काही जण दारू जवळ करतात, काही घरी येऊन मुके होतात, काही हात उचलतात. त्याचं जे दुःख ड्यूटीवर बोलू दिलं गेलं नाही, त्याचा हिशोब घरात बायको चुकवते. मारहाणीला मी हे निमित्त म्हणून देत नाही. मारणारा मारतो याला तोच जबाबदार. पण पोलिसांच्या आणि जवानांच्या क्वार्टर्समध्ये काम करायचं तर हे ठाऊक असलेलं बरं.

पुरुषाला मर्द म्हणून गप्प करतात, आणि आपल्याला काय म्हणून? 'खंबीर' म्हणून. या शब्दाशी माझं भांडण आहे. "आमची ताई फार खंबीर, तिला काही होत नाही." एकदा हे बिरुद लागलं की मग तिला कोणी रजा देत नाही, बरोबर कोणी जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी कशी आहेस म्हणून कोणी विचारत नाही. २०२० च्या कोविडमध्ये आपण थाळ्या वाजवलेल्या ऐकल्या. आशांना त्या वेळी केंद्राकडून कोविडच्या कामाचे महिन्याला एक हजार रुपये होते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला, सगळ्यांनी अभिनंदन केलं. आणि महाराष्ट्रातल्या त्याच आशांना जून २०२१ मध्ये, पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये संप करावा लागला होता. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. कामगार म्हणायचं नाही, स्वयंसेविका म्हणायचं. स्वयंसेविकेला कशाचा ताण? ती तर आपखुशीने आली!

गंमत बघा. शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर सरकारने २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प चालवला, चौदा जिल्ह्यांत. आपल्या शेजारचे वर्धा आणि यवतमाळ त्यात आहेत. आशाताईने घरोघर जायचं, शेतकऱ्याला विचारायचं : झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का? उत्तरांवरून धोका ओळखायचा आणि पुढे पाठवायचं. उपक्रम चांगला, त्याची गरज होतीच. पण ज्या बाईच्या हातात ही प्रश्नावली आहे, जी त्याच गावात त्याच कर्जात राहते, जिने मागच्याच महिन्यात एकाला दवाखान्यात नेताना गाडीतच संपलेलं पाहिलंय, तिला हेच प्रश्न कोण विचारणार? प्रश्नावली तिला पाठ आहे. उत्तरं तिच्याजवळच राहतात.

आता मी ज्यासाठी मुद्दाम आले त्या गोष्टीकडे वळते. भंडारा इथून फार लांब नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती. धूर दिसला तो ड्यूटीवरच्या नर्सला. सात बाळं वाचवता आली. दहा गेली. त्या आयांचं दुःख मोजायला माप नाही, आणि मी पुढे जे बोलणार आहे त्याने ते तसूभर कमी होत नाही. रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेचा प्रस्ताव पडून होता, हे नंतर वर्तमानपत्रांतून आलं. वरच्यांचं निलंबन झालं, कंत्राटी नर्सेसची सेवा संपवली गेली, आणि फेब्रुवारीत गुन्हा दाखल झाला तो दोन नर्सेसवर. चूक कुणाची, किती, हे ठरवणं तपासाचं आणि न्यायालयाचं काम आहे. मी त्यात पडत नाही. मला त्या दिवसापासून राज्यातली प्रत्येक नर्स काय शिकली ते दिसतं. ती शिकली की अशा रात्रीनंतर तोंड उघडायचं नाही. "मला ते रडणं अजून ऐकू येतं" असं कोणाला म्हटलं, तर उद्या त्याचा अर्थ 'मी दोषी आहे' असा लावतील.

मैत्रिणींनो, म्हणून मी समुपदेशक नेमा, शिबिर घ्या, ध्यान शिकवा या मागण्यांवर थांबत नाही. एका हाताने समुपदेशकाची चिठ्ठी आणि दुसऱ्या हाताने कारणे दाखवा नोटीस मिळत असेल, तर कोणती बाई समुपदेशकापुढे खरं बोलेल? चौकशी हवीच, पण ती यंत्रणेची आधी हवी : किती बेड, किती नर्सेस, यंत्रं कधी तपासली, पैसा कुठे अडला. आणि मनावरच्या उपचाराचा कागद चौकशीच्या फायलीत जाता कामा नये, हे लेखी हवं. आज ते नाही म्हणून बाया दूर कुठल्यातरी शहरात, नाव बदलून, खाजगी डॉक्टरकडे जातात. ज्यांना परवडतं त्या.

दुसऱ्या बाजूचंही एक उदाहरण सांगते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात नर्स अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायांना सांभाळलं, त्याच रात्री एकीला बाळंतपणासाठी जिना चढवून नेलं. पुढे त्यांनी आरोपीला ओळखलं, न्यायालयात साक्ष दिली. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या बोलल्या. साक्षीला त्या आपल्या नर्सच्या गणवेशात गेल्या होत्या. मला यातला गणवेश फार महत्त्वाचा वाटतो. 'ही माझी जागा, हे माझं काम, मी ते केलं' असं जिला म्हणता येतं, तिला त्या रात्रीचं ओझं उचलायला थोडा आधार मिळतो. जिला ओळखपत्र नाही, जिचं काम कागदावर कामच नाही, तिला हा आधार आपण आधीच नाकारलेला असतो.

किल्लारीच्या भूकंपानंतरही हेच दिसलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. नंतर घरं दुरुस्त करायच्या कार्यक्रमात लातूर-उस्मानाबादकडच्या गावांतल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. भिंत कशी बांधायची, अनुदान किती, इंजिनिअर कुठे चुकतोय, हे त्या गावाला सांगू लागल्या. ज्यांची स्वतःची माणसं गेली होती अशाही त्यात होत्या. कामाने दुःख पुसलं असं मी म्हणणार नाही. पण बसून मदतीची वाट पाहणं आणि चार जणींबरोबर हिंडून काही उभं करणं, यात मनाला फरक पडतो. अट एकच, ते काम अधिकाराचं हवं. नुसतं राबणं नको.

आता आपण आपापसात काय करू शकतो? इथे एक सावधगिरी. पूर्वी अशी पद्धत होती की घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवायचं आणि प्रत्येकीकडून जे पाहिलं ते वदवून घ्यायचं. अमेरिकेत १९८० च्या दशकात ही पद्धत फायर ब्रिगेडमध्ये रुजली आणि जगभर गेली. नंतर अभ्यास झाले तेव्हा आढळलं की अशा एका बैठकीने पुढचा आजार टळत नाही, काहींना तर त्रास वाढतो. आपल्या शिबिरांतही 'मोकळं व्हा, रडा' असा आग्रह असतो, म्हणून हे सांगते. बोलावंसं वाटेल तेव्हा बोलायला जागा हवी, पण बोलण्याची सक्ती नको. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा आपल्या आज्यांना कळेल असा आहे : आधी पाहा, मग ऐका, मग योग्य ठिकाणाशी जोडून द्या. पाणी, चहा, अंगावर पांघरूण, घरी निरोप, सुखरूप घरी पोचवणं. त्यानंतर शब्द.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येकीने एक जोडीदारीण ठरवावी, आजच, जेवणाच्या सुट्टीत. भयंकर काही घडलं की दोघींनी जायचं. शक्य नसेल तर दुसरीने त्या रात्री फोन करायचा, तिसऱ्या दिवशी घरी जायचं आणि महिन्याने पुन्हा जायचं. तिसऱ्या दिवशी जाताना भाजी-पोळी घेऊन जा, कारण बाईला दुःखाचीही सुट्टी मिळत नाही, संध्याकाळचा स्वयंपाक तिच्यावरच असतो. "धीर धर" म्हणू नका. "झोप लागते का?" विचारा. आणि महिन्यानेही नाही लागली तर बरोबर जा, एकटीला पाठवू नका. शासनाची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. नागपूरला मनोरुग्णालय आहे, मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे. 'पागलखाना' हा शब्द आपल्या तोंडून जाईल तेव्हा तिथे जाणं थोडं सोपं होईल.

एवढं आपलं आपण करू. पण सगळं आपणच करायचं असेल तर तीही बिनपगारी मजुरीच झाली, म्हणून मागण्या लिहून घ्या. मृत्यू किंवा गंभीर अपघात हाताळल्यावर दोन दिवसांची भरपगारी, आशांच्या बाबतीत भरमानधनी, सुट्टी. रात्री रुग्णाबरोबर गेलेल्या बाईच्या परतीच्या वाहनाची जबाबदारी आरोग्य केंद्राची. कारखान्यात स्फोट किंवा मृत्यू झाला तर त्या पाळीतल्या सगळ्या कामगारांना, कंत्राटदाराकडच्यांनाही, मोफत मानसोपचार. कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आपल्या कायद्यात आहे. तिच्यात शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. मनाचा आजार नाही. तो त्यात यायला हवा. ही मागणी लांबची आहे, मला ठाऊक आहे. पण अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळेल असं कधी वाटलं होतं का? २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. आणि राजस्थानची भंवरीदेवी आठवा. सरकारच्याच कार्यक्रमातली 'साथिन', बालविवाह थांबवायला धावून गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिच्या बाजूने संघटना उभ्या राहिल्या, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ चा कायदा आला. कामावर जाणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी काम देणाऱ्याची, हे तिच्यामुळे कागदावर उतरलं. मनाचं तेवढं अजून उतरायचंय.

मघाशी एका ताईने चिठ्ठी पाठवली आहे : "घरचे म्हणतात, एवढा त्रास होतो तर सोडून दे काम. काय सांगू?" ताई, सोडायचं की नाही हे तुम्ही ठरवा, आणि सोडलंत तरी त्यात कमीपणा नाही. पण घरच्यांना एवढं विचारा, की मागच्या महिन्यात तुम्ही ज्या रात्री उशिरा परत आलात, त्या रात्री घरात कोणी जागं होतं का. जेवणानंतर पहिला गट याच चिठ्ठीवर बसेल. आशाताई आणि कारखान्यातल्या मैत्रिणी एकाच गटात बसा, वेगवेगळ्या नको. मागण्यांचा कागद माझ्याजवळ आहे, त्यावर सह्या घ्यायच्या आहेत.